एकाच आंदोलनाच्या चार बातम्या: पेपर कुणाच्या बाजूचा, हे ओळखायचं कसं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता, सांगली)

मंडळी, घरी दोन पेपर येतात, आणखी दोन विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर वाचतो. गेल्या हंगामात थकीत एफआरपीसाठी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) आमच्या भागातल्या एका कारखान्यासमोर रास्ता रोको झाला. मी त्यात गाडी घेऊन अडकलो होतो, त्यामुळे काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. दीड-दोनशे शेतकरी, आडवा लावलेला एक ट्रॅक्टर, भगभगीत ऊन, पोलिसांची एक गाडी. शेवटी कारखान्याचा माणूस येऊन निवेदन घेऊन गेला आणि रस्ता मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी चारही पेपर मुद्दाम घेऊन बसलो. पहिल्यात पान १ वर तीन कॉलम, 'एफआरपी थकली, शेतकरी रस्त्यावर', फोटोत फलकावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतंय. दुसऱ्यात पान ३ वर 'रास्ता रोकोने प्रवाशांचे हाल', फोटो खोळंबलेल्या एसटीचा. पैसे थकलेत हे शेवटच्या परिच्छेदात, तेही 'आंदोलकांच्या म्हणण्यानुसार'. तिसऱ्यात पान ७ ला सिंगल कॉलम, 'तालुक्यातील एका साखर कारखान्याने'. अहो, तालुक्यात कारखाना एकच आहे! चौथ्यात बातमीच नाही. मात्र पान ५ वर त्याच कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात.

यातला एकही पेपर खोटं बोललेला नाही, हे लक्षात घ्या. प्रवाशांचे हाल झालेच, मीच एक हाल झालेला प्रवासी. चॅनलांना शिव्या सगळेच घालतात. पण हे जे शांतपणे चाललेलं असतं, ते तुम्ही कसं ओळखता?

---

पेठनाका

ओळखायचं काय त्यात? २०१४ नंतर सगळा मीडिया मांडीवर बसलाय. नेटवर्क१८ त्याच वर्षी रिलायन्सकडे गेलं, २०२२ संपता संपता एनडीटीव्ही अदानींकडे. झीचे सुभाष चंद्र २०१६ ला भाजपच्या पाठिंब्यावर राज्यसभेत. विषय संपला.

---

अजिंक्यतारा_४१५००१

विषय संपला नाही, तुम्ही तो सोयीच्या जागी थांबवला. २०१४ च्या आधी काय सगळे हरिश्चंद्राचे अवतार होते? लोकमत दर्डांचा, सकाळ पवारांच्या घरातला, सामना तर पक्षाचाच. २००९ ची विधानसभा आठवते का? तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा एकच मजकूर तीन प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला होता. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघड केलं. 'पॅकेज', म्हणजे पैसे घेऊन बातमीसारखा मजकूर छापणं, हा प्रकार तेव्हाचा आहे, कालचा नव्हे.

---

पेठनाका

ते अशोकराव २०२४ पासून कुठल्या पक्षात आहेत हो? 😄

---

अजिंक्यतारा_४१५००१

भाजपमध्ये. मग? माझा मुद्दा पेपरांबद्दल आहे, अशोकरावांबद्दल नाही. आणि खटल्याचा शेवटही सांगतो, अर्धवट नको: निवडणूक आयोगाने त्यांना काढलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ ला रद्द केली. पेपरांना कुणी काही विचारलंच नाही. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली, त्यांनी नावानिशी अहवाल दिला, तर २०१० मध्ये कौन्सिलने नावं गाळून छोटंसं टिपण प्रसिद्ध केलं. मूळ अहवाल लोकांपुढे यायला केंद्रीय माहिती आयोगाला आदेश काढावा लागला. मालकांच्या संघटना किती ताकदीच्या असतात ते बघा, सरकार कुणाचंही असो.

---

तालुका_वार्ताहर (निवृत्त)

कृष्णाकाठराव, तुमचे चार पेपर वाचून करमणूक झाली. बावीस वर्षं मी हेच केलंय, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. शुद्धलेखनाला हसू नका.

तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. मानधन असतं, त्यात पेट्रोलसुद्धा भागत नाही. खरं पोट भरतं जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, आणि सगळ्यात मोठं पीक म्हणजे नेत्यांचे वाढदिवस. प्रत्येक तालुक्याला टार्गेट. आमच्या पट्ट्यात जाहिरात देणार कोण? कारखाना, दूध संघ, पतसंस्था, शिक्षणसंस्था, नगरपालिका. आता या पाचांचे अध्यक्ष काढा. दोन-तीन घरांतच सगळे सापडतील.

म्हणजे सकाळी ज्याच्या केबिनमध्ये जाहिरातीची ऑर्डर घ्यायची, संध्याकाळी त्याच्याच विरोधातली बातमी धाडायची. 'ही बातमी मारा' असा फोन मला आख्ख्या नोकरीत कुणी केला नाही. गरजच पडत नाही ओ. आपलंच बोट थांबतं.

आता तुमच्या तिसऱ्या पेपराबद्दल. तुम्हाला 'एका कारखान्याने' हा भित्रेपणा वाटला. मला वाटतं त्या पोराने बातमी वाचवली. नाव घातलं असतं तर ती आवृत्तीच्या कार्यालयातच राहिली असती. नाव काढलं म्हणून निदान सात नंबरला तरी छापून आली, आणि तुम्हीच म्हणताय, तालुक्याला कारखाना कुठला ते कळायचं ते कळलंच. ही वाट मी स्वतः कितीदा चाललोय.

आणि पहिल्याला शाबासकी द्यायची घाई करू नका. त्या पेपरला त्या कारखान्याची जाहिरात जाते का बघा आधी. जात नसेल, तर ती बातमी शेतकऱ्यासाठी लागली का न दिलेल्या जाहिरातीसाठी, हे देव जाणे. समोरच्या गटाच्या कारखान्यावर मोर्चा निघेल तेव्हा हाच पेपर तीन कॉलम देतो का, ते बघा.

---

कंदी_पेढा (सातारा)

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा असा. +१

---

कृष्णाकाठ

वार्ताहरकाका, पहिल्या पेपरचा हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण मग प्रामाणिक बातमी आणि डाव साधणारी बातमी वाचकाला सारखीच दिसणार की.

---

तालुका_वार्ताहर

एका दिवसात सारखीच दिसणार. पाठपुराव्यात फरक कळतो. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यायची असा ऊस नियंत्रण आदेश आहे, १९६६ सालचा. मग पंधराव्या दिवशी कुणी विचारलं? साखर आयुक्तांकडं आरआरसीची (थकबाकी महसुलासारखी वसूल करायच्या आदेशाची) कारवाई झाली का कुणी पाहिलं? डाव साधणारा पेपर तडजोड झाली की गप्प होतो.

---

जतची_सून

कारखाना-बिरखाना आमच्याकडे फार नाही, आमच्याकडे पाणीच नाही. पण मोठे चॅनलवाले कसे वागतात ते जवळून बघितलंय, म्हणून लिहिते.

२०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई जतमधल्या चाळीस गावांबद्दल बोलले आणि आठवडाभर पूर्व भागात चॅनलच्या गाड्याच गाड्या. आयुष्यात प्रथमच आमच्या गावाचं नाव टीव्हीच्या पट्टीवर. सासरे पारावर बसले होते. पोरीसारखी पोर, हातात बूम, तिने विचारलं, 'आजोबा, तुम्हाला कर्नाटकात जायचंय का?' सासरे म्हणाले, 'बाळ, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आमच्या गावाला का येत नाही ते सांगतो, बस.' पाच मिनिटं सांगितलं त्यांनी: कालव्याचा चढ, कुठवर पाणी येतं, कुठून पुढं विस्तारित योजना लागते. रात्री टीव्हीवर त्यातलं काय दिसलं? 'सरकार पाणी देत नसेल तर जातो की तिकडं.' तेवढंच. खाली पट्टी: 'जतकरांचा महाराष्ट्राला इशारा'.

त्यांनी तसं म्हटलं नव्हतं असं नाही. म्हटलं होतं, पण बोलण्याच्या ओघात. दुसऱ्या चॅनलच्या माणसाने तर पोरांना घोषणा परत द्यायला लावल्या, पहिल्यांदा आवाज नीट आला नव्हता म्हणून. आता हा भाजपचा पक्षपात म्हणायचा की काँग्रेसचा? दोन्ही राज्यांतल्या नेत्यांना भांडण हवं होतं, चॅनलला भांडण हवं होतं, पाणी फक्त आम्हाला हवं होतं.

---

पेठनाका

ताई, सासऱ्यांना नमस्कार सांगा. पण तेव्हा सत्ता दोन्हीकडे कुणाची होती? भांडणाने अडचण कुणाची होणार होती, हे बघितलं तर पाण्याचा प्रश्न मागे का ढकलला हे कळेल.

---

जतची_सून

दादा, पाण्याचा प्रश्न १९९५ ला पण मागेच होता, २००५ ला पण. तुमचं गणित नेहमी २०१४ पासूनच का सुरू होतं?

---

अजिंक्यतारा_४१५००१

😂😂 ताई, नमस्कार.

---

जतची_सून

तुम्ही फार हसू नका. तुमचं २०१४ ला संपतं.

---

टेंभूकर (मूळ कराड, सध्या पुणे)

धागा चांगला रंगलाय, थोडा इतिहास टाकतो. 'निःपक्षपाती पेपर' ही अपेक्षा तुलनेने नवी आहे. एकोणिसाव्या शतकातले मराठी पेपर बाजू घेण्यासाठीच निघाले. आमच्या टेंभूचे आगरकर १८८१ पासून केसरीचे संपादक. कोल्हापूर प्रकरणात ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात बरोबर राहिले, १०१ दिवस. पुढे सामाजिक सुधारणेवर पटेना, आगरकर बाहेर पडले आणि १८८८ ला 'सुधारक' काढला. मतं पटली नाहीत तर दुसरा पेपर काढायचा, लपवाछपवी नाही. त्याच्याही आधी, १८७७ ला, कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला, कारण पुण्याच्या पेपरांत सत्यशोधकांना जागा नव्हती. वाचकाला माहीत असायचं, हा अंक कुणाचा आणि कशासाठी.

---

कंदी_पेढा

टेंभूकर, चित्र जरा गोड काढलंय. बाजू जाहीर असली तरी दार बंद करता येतंच. १९२० च्या जानेवारीत बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा केसरीने त्याची जाहिरात पैसे मोजायची तयारी असतानाही छापली नाही. बाबासाहेबांची शाळा आमच्या साताऱ्यातली, ७ नोव्हेंबर १९०० चा प्रवेश, म्हणून त्या दिवशी विद्यार्थी दिवस असतो. त्या दिवशी स्थानिक पानांवर शाळेच्या रजिस्टरचा फोटो ठरलेला. मूकनायकाच्या जाहिरातीची गोष्ट कुठल्या पुरवणीत वाचल्याचं मला आठवत नाही.

जाहीर बाजूवाल्यांचं कौतुक तेवढ्यापुरतंच. प्रत्येक बाजूला पेपर काढायची ऐपत असेल तरच ते चालतं.

---

टेंभूकर

हे मान्य. रोखठोक बोललात.

---

मिरज_जंक्शन

तुम्ही सगळे पेपरातच अडकलात राव. आमच्या पिढीतलं पेपर कोण वाचतं? मोबाईलवर बघतो. २०१९ ला १८ ऑक्टोबरच्या रात्री साताऱ्यात पवार साहेब पावसात बोलले, तो व्हिडिओ पेपर घरी पोचायच्या आत आमच्या गल्लीत सगळ्यांनी बघितला होता. आणि बहुतेक एक्झिट पोल काय सांगत होते? युती दोनशेच्या पार. आल्या किती? १६१. साताऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उदयनराजे पडले, श्रीनिवास पाटील निवडून आले. स्टुडिओत बसून यांना वास सुद्धा आला नव्हता.

---

अजिंक्यतारा_४१५००१

त्या सभेला मी होतो, भिजलो पण होतो (मत कुणाला दिलं ते विचारू नका). पण त्या व्हिडिओने निकाल फिरवला ही सुद्धा मीडियानेच निकालानंतर शिवलेली गोष्ट आहे. युतीने कर्जमाफी, पूर, पक्षांतरं यात काय काय घालवलं, त्याची बातमी करायला कष्ट पडतात. पावसातला म्हातारा दाखवायला काय लागतं? तेव्हा युतीची लाट दाखवणारे जे होते, तेच नंतर पावसाची लाट दाखवू लागले. जिंकतोय त्याच्याकडे झुकणं हा यांचा मूळ स्वभाव, पक्ष दुय्यम.

---

तालुका_वार्ताहर

मिरजकर, मोबाईलवरच्या 'न्यूज'बद्दल पण बोला की जरा. आमच्या तालुक्यात माईकवर स्वतःच्या नावाचा लोगो लावलेले किती पोर्टलवाले फिरतात, मोजायला बसलो तर दिवस जाईल. पेपरला निदान कार्यालय आहे, संपादक आहे, खाली मालक-मुद्रक-प्रकाशकाची ओळ आहे. यांच्यातल्या काहींचा धंदा असा, की आधी ग्रामपंचायतीच्या कामाचा व्हिडिओ काढायचा, सरपंचाला दाखवायचा, आणि तो टाकायचा नाही याचे पैसे घ्यायचे. सगळेच तसे नाहीत. दोन पोरं खरोखर चांगलं काम करतात, त्यांना धमक्या पण येतात आणि पाठीशी कुणीच नसतं.

---

मिरज_जंक्शन

हे खरंय. आमच्या वॉर्डात पण एक आहे असा. गाडीवर 'प्रेस' एवढं मोठं, नंबर प्लेट दिसत नाही.

---

कृष्णाकाठ

२०१९ चा विषय निघालाच आहे तर महापुराचं लिहितो. ५ ऑगस्टला ३७० कलम, त्यानंतर दिल्लीच्या चॅनलांना दुसरं काही दिसेना. इकडे आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर. आमच्या गल्लीत पहिला मजला बुडला. ब्रह्मनाळची बोट उलटली तेव्हा कुठे देशाला सांगली नावाचं गाव आहे हे समजलं. मराठी चॅनल मात्र पहिल्यापासून होते, त्यांचे पोरगे गळ्याइतक्या पाण्यात उभे होते, ते नाकारणार नाही.

पण त्याहून मला खटकतं ते आपलं स्थानिक. पावसाळा आला की आमच्या पेपरांत 'अलमट्टी' धरणाचा मथळा ठरलेला. पुराचा अभ्यास करायला नेमलेल्या वडनेरे समितीने अहवाल दिला, त्यात २०१९ च्या पुराला अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही. या निष्कर्षावर इथल्या अभ्यासकांचे आक्षेप आहेत, जरूर असावेत, दोन्ही बाजू छापा. मात्र त्याच अहवालात नदीपात्रातल्या, पूररेषेतल्या बांधकामांवर जे आहे, त्याला किती जागा मिळाली? अलमट्टी कर्नाटकात आहे. पूररेषेतले प्लॉट कुणाचे आहेत, आणि त्या लेआऊटच्या पानभर जाहिराती कुठे येतात, हे सांगलीकराला मी सांगायला नको.

---

पेठनाका

हे आवडलं. नावं घ्या की मग. त्या कारखान्याचं सुद्धा. तुम्ही पण 'आमच्या भागातल्या एका कारखान्यासमोर' असंच लिहिलंय, तिसऱ्या पेपरासारखं.

---

कृष्णाकाठ

मेव्हण्याचा ऊस तिथंच जातो. तोडीची चिठ्ठी त्यांच्याच हातात. पुढच्या हंगामात त्याचा फड शेवटपर्यंत उभा राहिला तर तुम्ही येणार का कोयता घेऊन?

---

तालुका_वार्ताहर

आता कळलं का, आमचं बोट का थांबायचं ते.

---

कोर्टकचेरी

उशिरा आले. कामाचं तेवढं सांगते, कारण 'काहीच करता येत नाही' हे पूर्ण खरं नाही.

चॅनलने काही आक्षेपार्ह दाखवलं, तर प्रसारणापासून सात दिवसांत आधी त्या चॅनलकडे लेखी तक्रार. उत्तर पटलं नाही तर एनबीडीएसए या त्यांच्याच संघटनेच्या प्राधिकरणाकडे. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, लिंक हवी. नुसतं 'हे पक्षपाती आहेत' चालत नाही, अमुक वाक्य संदर्भाबाहेर कापलं असं नेमकं दाखवावं लागतं. जतच्या ताईंच्या सासऱ्यांचं प्रकरण त्यात बसलं असतं, चॅनल त्या संघटनेचं सदस्य असतं तर. त्यांचा दंड २०२३ ला तरी एक लाखापर्यंतच होता. चॅनलला तो चहापाण्याचा खर्च, २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानेही ही रक्कम अपुरी असल्याचं बोलून दाखवलं. पण चूक झाल्याचं चॅनलवर दाखवायला लावतात आणि व्हिडिओ काढायला लावतात, ते त्यांना दंडापेक्षा जास्त झोंबतं.

पेपरसाठी प्रेस कौन्सिल. ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही.

निवडणुकीत मात्र जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे जा. पेड न्यूज सिद्ध झाली तर तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात. विधानसभेला मर्यादा ४० लाख. पेड न्यूज हा कायद्याने स्वतंत्र निवडणूक गुन्हा अजून नाही, त्यामुळे हाच एक धागा हातात उरतो. कात्रणं जपून ठेवा, दोन पेपरांतला सारखा मजकूर शेजारी शेजारी लावून द्या. नोटीस निघालेली मी पाहिली आहे.

---

अजिंक्यतारा_४१५००१

आणि पेपरचा मालक कोण ते शोधायचं असेल तर मार्चच्या सुरुवातीचा अंक काढा. मालकी हक्काचं निवेदन छापतात, बारीक टाइपात, आतल्या पानावर. भागधारकांची नावं असतात.

---

तालुका_वार्ताहर

त्यात कंपनीचं नाव सापडेल, फार तर पत्नीचं. मी सांगतो ते करा: एक महिना शेवटचं पान आणि पान ३ वर कुणाच्या जाहिराती येतात ते वहीत लिहा. शेजारच्या रकान्यात त्या माणसाबद्दलच्या बातम्या, कितव्या पानावर आणि किती कॉलम. महिनाभराने मला फोटो पाठवा.

---

जतची_सून

काका, आमच्याकडे एक आणखीच अडचण आहे. आवृत्त्या इतक्या बारीक केल्यात, की जतची बातमी जतच्याच पानावर येते आणि जतचीच माणसं वाचतात. आम्हाला ते आधीच माहीत असतं. मंत्रालयात बसणाऱ्याच्या अंकात ते पान लागतच नाही. अजिंक्यतारादादा, त्या बोम्मईच्या आठवड्यात साताऱ्याच्या अंकात म्हैसाळबद्दल काय आलं होतं?

---

अजिंक्यतारा_४१५००१

सीमावाद आठवतो पान १ ला, पुतळे जाळल्याचे फोटो पण. म्हैसाळचं खात्रीने नाही सांगता येत. शनिवारी वाचनालयात जातो आहे, २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या फायली मिळाल्या तर पाहून इथेच टाकतो. तुमच्याकडच्या अंकांची कात्रणं असतील तर तारखांसकट द्या, शोधायला सोपं जाईल.

---

जतची_सून

सासऱ्यांनी ठेवलीत. उद्या फोटो काढून टाकते.